राहायला आलेली मुलगी

तिगाव हे पांढुर्ण्याच्या पुढचं, नागपूर–इटारसी रेल्वेमार्गावरचं गाव. इथून चिचोंड्याकडे निघालेली गाडी घाट चढू लागते. संत्र्याच्या बागा, कापसाची वावरं, घरात वऱ्हाडी वळणाची मराठी आणि बहुतेकांची शाळा मात्र हिंदीतून, असा हा मुलूख आहे. १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती. त्या वर्षी १ नोव्हेंबरला राज्यांची फेरमांडणी झाली. विदर्भ मुंबई राज्यात गेला, छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशातच राहिला आणि राजधानी भोपाळला गेली. २०२३ मध्ये पांढुर्णा छिंदवाड्यापासून वेगळा जिल्हा झाला. कागदावर एवढं बदललं तरी मोठा दवाखाना, मोठं कॉलेज आणि कितीतरी सोयरिकी आजही नागपूरच्याच आहेत.

या वाटेने मुली शिकायला जातात. होस्टेल परवडत नाही आणि खोली करून एकटीला ठेवायला आईबाप धजत नाहीत. मग मामा, आत्या, दूरची मावशी, नाहीतर गावातलंच नोकरीनिमित्त तिकडे स्थायिक झालेलं एखादं कुटुंब शोधलं जातं. त्या घरात नवराबायको दोघंही कामावर जाणारे असतात आणि पाळण्यातलं किंवा नुकतं चालू लागलेलं मूल असतं. सगळं दोन वाक्यांत ठरतं. “पोरगी शिकन बी, अन् लेकराकडं पाहीन बी.” पलीकडून उत्तर येतं, “आपल्याच घरी येऊन राहिली, चिंता काऊन करता?”

या दोन वाक्यांच्या भरवशावर एक मुलगी आपली तीन वर्षं देते. वाक्यं खोटी नसतात. बोलणाऱ्यांच्या मनात कपटही नसतं. पण मुलाकडे पाहायचं म्हणजे किती तास, शिकायचं म्हणजे कोणत्या वेळी, परीक्षेच्या महिन्यात काय, पोळ्याला गावी जायचं की नाही, हातखर्चाला पैसे मिळणार की नाही, यातलं काहीच त्यात आलेलं नसतं. नात्यातल्या माणसाला असले प्रश्न विचारणं आपल्याकडे उद्धटपणाचं समजतात. माझं मत उलट आहे. हे प्रश्न पहिल्या दिवशी विचारले गेले तर नातं टिकतं. ते मनात राहिले तर सहा महिन्यांत घरातलं बोलणं कमी होतं आणि वर्षभरात दोन्ही घरांचं येणं-जाणं थांबतं.

युरोपात हीच पद्धत ‘ओ पेअर’ या नावाने रुजली. दुसऱ्या महायुद्धानंतर तरुण मुली परक्या देशातल्या कुटुंबात राहायला जाऊ लागल्या. मुलं सांभाळायची, घरात थोडा हातभार लावायचा, बदल्यात राहणं, जेवण, हातखर्च आणि तिथली भाषा शिकायची संधी. पुढे गोंधळ वाढला. ही मुलगी विद्यार्थिनी की मोलकरीण, हे कुणालाच नक्की सांगता येईना. तेव्हा युरोपीय परिषदेने २४ नोव्हेंबर १९६९ रोजी स्ट्रासबर्गला एक करार केला. त्यात या मुलीचं स्थान विद्यार्थी आणि कामगार या दोहोंपेक्षा वेगळं मानलं आणि तिच्यासाठी नियम स्वतंत्र लिहिले. वय साधारण १७ ते ३०. मुक्काम वर्षभराचा, फार तर दोन वर्षांपर्यंत वाढवता येणारा. काम दिवसाला पाच तासांहून जास्त नसावं, आठवड्यात एक पूर्ण दिवस सुट्टी असावी आणि महिन्यातून निदान एकदा ती रविवारी यावी. शक्य असेल तर तिला स्वतःची खोली द्यावी. आणि हे सगळं लेखी असावं.

पुढे देशोदेशी नियम वेगळे झाले. जर्मनीत आठवड्याला ३० तास, दिवसाला सहा तास ही मर्यादा आहे. हातखर्च महिन्याला २८० युरो, भाषेच्या वर्गासाठी यजमानांकडून महिन्याला ७० युरो आणि वर्षभर राहिल्यास चार आठवड्यांची सुट्टी. आजारपणाचा आणि अपघाताचा विमा यजमान कुटुंबानेच काढायचा. अमेरिकेत १९८६ मध्ये सुरू झालेल्या योजनेत तास बरेच जास्त आहेत, आठवड्याला ४५ पर्यंत. पण तिथे दोन गोष्टी मला फार शहाणपणाच्या वाटतात. एक म्हणजे तीन महिन्यांहून लहान बाळ मोठं माणूस घरात नसताना तिच्यावर सोपवता येत नाही. दुसरी म्हणजे तिसरं माणूस. मुलगी घरात आली की ४८ तासांच्या आत संस्थेची स्थानिक प्रतिनिधी तिच्याशी बोलते, दोन आठवड्यांत भेटते आणि मग दर महिन्याला संपर्कात राहते. घर जुळलं नाही तर दुसरं घर बघण्याची सोय असते.

नियम लिहिले म्हणून सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. फिलिपिन्स सरकारने १९९८ मध्ये आपल्या मुलींना या कामासाठी युरोपात पाठवणंच बंद केलं, कारण शिकायला म्हणून गेलेल्या मुली स्वस्तात राबवल्या जात असल्याच्या तक्रारी येत होत्या. ती बंदी २०१० पासून टप्प्याटप्प्याने उठली. नॉर्वेने तर २०२४ मध्ये ही योजनाच गुंडाळली. सांस्कृतिक देवाणघेवाणीच्या नावाखाली घरकामाला कमी पैशात माणूस मिळतं, हीच तिथली मुख्य हरकत होती. मुलगी जे मिळवायला आली ते तिला मिळतंय का, हे पाहणं थांबलं की नियमांचा कागदही उपयोगी पडत नाही.

आपल्या इतिहासात या नात्याची एक काळी बाजू आहे, ती इथे सांगायलाच हवी. इंग्रजी राजवटीत मुंबई-कलकत्त्याहून विलायतेला निघालेल्या गोऱ्या कुटुंबांबरोबर त्यांच्या मुलांना सांभाळणाऱ्या आया जात. बोटीवरचे कित्येक आठवडे मूल त्यांच्याच मांडीवर असे. लंडनला उतरल्यावर मात्र काहींना तिथेच सोडून देत. परतीच्या तिकिटाचं कुणी काही बोललेलं नसे. अशा बायकांसाठी लंडनमध्ये आयांचं एक निवासगृह होतं. १९०० पासून ते हॅकनी भागातल्या किंग एडवर्ड्स रोडवर होतं आणि २०२२ मध्ये त्या घरावर स्मृतिफलक लागला. त्या मुलांनी आपल्या आयांवर जीव लावला असेल, यात मला शंका नाही. पण मुलाच्या मायेने आयेचं परतीचं तिकीट निघत नाही. ते मोठ्यांनी आधी बोलून ठेवायचं असतं.

याच्या दुसऱ्या टोकाला आनंदीबाई जोशी आहेत. त्या काही कुणाचं मूल सांभाळायला अमेरिकेत गेल्या नव्हत्या. पण एका परक्या कुटुंबात राहायला गेलेली अठरा वर्षांची मराठी मुलगी म्हणून त्यांचं उदाहरण या विषयाला नेमकं लागू पडतं. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर यांनी दंतवैद्याकडे बसल्या बसल्या एका मिशनरी मासिकात आनंदीबाईंच्या पतीचा, गोपाळरावांचा, पत्रव्यवहार वाचला आणि १८८० मध्ये आनंदीबाईंना पत्र लिहिलं. पुढची तीन वर्षं पत्रं येत-जात राहिली. चालीरीती, आहार, प्रकृती, सण, घरातली माणसं, सगळं त्या पत्रांमधून एकमेकींना कळत गेलं. आपल्या घरी राहायला या, हे निमंत्रणही पत्रातूनच आलं. निघण्याआधी २४ फेब्रुवारी १८८३ ला बंगालमधल्या श्रीरामपूरच्या भाषणात आनंदीबाईंनी जाहीर सांगितलं, की मी हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन. ४ जून १८८३ ला त्या न्यूयॉर्कला उतरल्या तेव्हा समोर उभ्या असलेल्या बाईंना त्या प्रथमच पाहत होत्या, पण त्या बाई त्यांना अनोळखी नव्हत्या. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणत. लुगडं आणि शाकाहार त्यांना त्या घरात जपता आला. शरद ऋतूत त्या फिलाडेल्फियाला वैद्यकीय महाविद्यालयात गेल्या आणि ११ मार्च १८८६ ला पदवी घेतली. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात त्या गेल्या. त्यांच्या अस्थी मावशींकडे पाठवल्या गेल्या आणि पोकीप्सीच्या दफनभूमीत कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत ठेवल्या गेल्या.

आपण या कथेकडे मावशींच्या मोठ्या मनाची कथा म्हणून पाहतो. मन मोठं होतंच. पण मला त्याआधीची तीन वर्षांची पत्रं जास्त महत्त्वाची वाटतात. मी काय खाणार, काय नेसणार, काय बदलणार नाही आणि कशासाठी येते आहे, हे मुलीने आधी सांगितलं. घराने ते ऐकून मग बोलावलं. तिगावहून नागपूरला जाणाऱ्या मुलीसाठी तीन वर्षांची पत्रं नकोत. एक दुपार पुरते. फक्त त्या दुपारी दोन्ही घरच्या मोठ्यांबरोबर ती मुलगीही बसलेली हवी आणि बोलायची पाळी तिलाही मिळायला हवी. बहुतेक वेळा ती चहा करायला आत पाठवलेली असते.

इथे वयाबद्दल एक गोष्ट ठणकावून सांगतो. हे प्रकरण सज्ञान मुलींबद्दल आहे. चौदा वर्षांखालच्या मुलांना घरकामाला ठेवायला आपल्या देशात १० ऑक्टोबर २००६ पासून बंदी आहे आणि २०१६ च्या दुरुस्तीने ती जवळजवळ सगळ्याच कामांना लागू झाली. नातेवाइकाची आहे, शाळेतही घातली आहे, असं सांगून दहा-बारा वर्षांच्या पोरीला दुसऱ्या पोराच्या मागे धावायला लावणं चूकच आहे. त्याला नात्याचं पांघरूण घालू नये.

आता त्या दुपारी काय बोलायचं, ते पाहू. सर्वात आधी तिचं शिक्षण. कॉलेज किती वाजता, क्लास कुठे, बस कोणती, परीक्षा कोणत्या महिन्यांत. हे आधी लिहायचं आणि मुलाकडे पाहण्याचे तास उरलेल्या वेळात बसवायचे. आपण नेमकं उलट करतो. मुलाच्या आईच्या ड्यूटीप्रमाणे दिवस आखतो आणि कॉलेज त्यात कोंबतो. मग पहिल्या सत्रात हजेरी कमी पडते, दुसऱ्या सत्रात एक विषय राहतो आणि गावाकडे निरोप जातो की पोरीचं अभ्यासात लक्ष नाही. या भागातल्या मुलींना आणखी एक अडचण असते. बोलायला मराठी येते, पण शाळा हिंदीतून झालेली असल्यामुळे मराठी पुस्तक वाचायला वेळ लागतो आणि इंग्रजीची भीती वेगळीच. जर्मनीला गेलेल्या मुलीला भाषेच्या वर्गासाठी पैसे मिळतात, ते भाषा आली नाही तर तिचं येणंच फुकट जाईल म्हणून. नागपूरच्या घराने यातून एवढं घ्यावं, की रोज रात्री अर्धा तास कुणीतरी तिच्याबरोबर बसून वाचावं. त्या घरातले आजोबा हे काम फार चांगलं करतात, आणि त्यांनाही ते आवडतं.

पैशाचं बोलायला सगळ्यांनाच जड जातं. राहणं-जेवण आपल्याकडे, फीही भरतो, मग वेगळे पैसे कशाला, असं घरच्यांना वाटतं. पण स्वतःचे पैसे नसलेल्या मुलीला बसभाडं मागावं लागतं, मोबाइलचं रिचार्ज मागावं लागतं, सॅनिटरी पॅडसाठीसुद्धा हात पसरावा लागतो. रोज मागणारी मुलगी त्या घरात मोकळेपणाने हसू शकत नाही. महिन्याच्या ठरलेल्या तारखेला ठरलेली रक्कम तिच्या बँक खात्यात जावी. बापाच्या खात्यात नाही, तिच्या. आणि मुलगी नात्यातली नसेल, दिवसभर घरकामही करत असेल, तर तिला हातखर्च नव्हे, पगार द्यायला हवा. पुण्यातल्या मोलकरणींनी १९८० मध्ये काम बंद करून पगारवाढ आणि सुट्टी मागितली, पुढे महाराष्ट्रात २००८ मध्ये घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा झाला. त्या बायका सकाळी येऊन संध्याकाळी आपल्या घरी जाणाऱ्या, एकमेकींना भेटणाऱ्या होत्या, म्हणून संघटित होऊ शकल्या. घरातच राहणारी मुलगी एकटी असते. तिची बाजू मांडायला दुसरं कुणी नसतं, म्हणून तिच्याबाबतीत घराने स्वतःहून जास्त काटेकोर राहायला हवं.

सुट्टीचा प्रश्न सणाला पेटतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात गोटमार असते, जांब नदीच्या दोन काठांवर पांढुर्णा आणि सावरगाव आमनेसामने उभे राहून एकमेकांवर दगड मारतात. त्या दिवशी गोटमारीला भाऊ-चुलते जाणार, म्हणून घरच्यांचा जीव टांगणीला लागलेला असतो आणि पोरीला घरी असावंसं वाटतं. नेमक्या त्याच दिवशी नागपुरात मारबत निघते आणि तान्हा पोळा असतो, लाकडी बैल घेऊन लहान पोरांना मिरवायचं असतं. घराला ती तेव्हाच हवी असते. यात कुणाचंच चुकत नाही. पण श्रावणात आयत्या वेळी हे निघालं तर कुणाचं तरी मन मोडतं. जूनमध्येच पंचांग उघडून बसलं, की पोळा तिचा, दिवाळीचे पहिले दोन दिवस घराचे, भाऊबीज तिची, असं वाटून घेता येतं. संत्र्याच्या तोडणीला तिच्या घरी माणसं कमी पडतात, तेही त्याच वेळी विचारून घ्यावं.

जागेबद्दल थोडक्यात. प्रत्येक घरात वेगळी खोली निघत नाही. पण कडी लागणारा एक दरवाजा, कुलूप लागणारं एक कपाट आणि रात्री दिवा लावून वाचता येईल असा एक कोपरा निघतोच. मुलाच्या काळजीपोटी घरात कॅमेरे लावले असतील तर ते कुठे आहेत हे तिला सांगावं, आणि ती झोपते, कपडे बदलते तिथे लावू नयेत. घरातल्या कुठल्याही पुरुषाच्या वागण्याने तिला अवघडल्यासारखं झालं तर ती कुणाला सांगणार, त्या माणसाचं नाव आधी ठरलेलं असावं. अमेरिकेतल्या त्या तिसऱ्या माणसाची जागा आपल्याकडे भरायची ती अशी. दोन्ही घरांना ओळखणारी, मुलीचा विश्वास असलेली, दर महिन्याला तिला घराबाहेर भेटणारी एखादी ताई किंवा शिक्षिका. आईबापांना फोनवर मुली खरं सांगत नाहीत, कारण सांगितलं तर शिक्षण थांबेल ही धास्ती असते.

या नात्यातलं सर्वात नाजूक ठिकाण मात्र ते मूल आहे. दिवसभर जिच्या कडेवर आहे तिच्याकडेच ते झेपावतं. संध्याकाळी दमून आलेली आई हात पुढे करते आणि लेकरू तोंड फिरवून मुलीच्या खांद्यात लपतं. त्या क्षणी आईच्या मनाला जे लागतं ते खरं असतं, त्याची लाज वाटण्याचं कारण नाही. पण बऱ्याच घरांत त्याचा राग दुसऱ्याच वाटेने बाहेर येतो. भांडी नीट घासली नाहीत, मोबाइल फार पाहतेस, लेकराला काय भरवलंस. मुलीला कळतच नाही की बिनसलं कुठे. आईने आल्यावरचा पहिला अर्धा तास मुलासाठी ठेवावा आणि त्या वेळात मुलीने आपल्या अभ्यासाला जावं, एवढ्याने बरंच निवळतं. मूल तिच्यावर माया करतं, म्हणजे ते सुरक्षित आहे, ही आईसाठी दिलाशाचीच गोष्ट आहे.

शिस्तीचंही तसंच. आई म्हणते टीव्ही नको, आजी म्हणते लाव थोडा वेळ, बाप येऊन चॉकलेट देतो. मुलगी तिघांच्या मध्ये सापडते. मोठ्यांनी आपसात एक काय ते ठरवावं आणि मुलासमोर तिला रागावू नये. मुलासमोर जिला बोलणी बसतात तिचं म्हणणं मूल दुसऱ्या दिवसापासून ऐकत नाही, आणि मग ते सांभाळायचं काम दुपटीने अवघड होतं.

मुलींनाही काही सांगायला हवं. मूल पडलं, ताप आला, औषध चुकलं तर लगेच फोन करायचा, संध्याकाळची वाट पाहायची नाही. घरातलं भांडण, पगार, आजारपण गावी जाऊन सांगत सुटायचं नाही, पांढुर्ण्याच्या बाजारात बोललेलं नागपूरला पोचायला वेळ लागत नाही. मनाविरुद्ध काही झालं तर त्याच आठवड्यात बोलायचं. महिन्यातून एकदा, मूल झोपल्यावर, चहा घेऊन बसून या महिन्यात काय जमलं, काय जड गेलं, एवढं दोन्ही बाजूंनी बोललं तर फुगून फुटण्याइतकं काही साचत नाही.

आणि जाण्याचं. पदवी होते, लग्न ठरतं, नोकरी लागते. मूल रडेल म्हणून पहाटेच, ते झोपेत असताना मुलीला गाडीत बसवून देण्याची पद्धत आहे. तसं करू नये. दोन-अडीच वर्षांच्या मुलालाही आधी सांगितलेलं कळतं. ताई कुठे जाणार, पुन्हा कधी भेटणार, फोनवर कधी दिसणार, हे आठवडाभर रोज सांगावं आणि दिलेला शब्द पाळावा. तिच्या जागी दुसरी कुणी येणार असेल तर दोघींना निदान चार-पाच दिवस एकत्र राहू द्यावं. कुठल्या अंगाईने झोपतो, कुठल्या भाजीला तोंड वाकडं करतो, हे जुनीलाच माहीत असतं. घराबद्दलही तिला जे सांगायचं ते तिने मोकळेपणाने सांगावं, घरच्यांनी तेव्हा तिथे घुटमळू नये. त्यानंतर नव्या मुलीबरोबर पुन्हा त्या पहिल्या दुपारसारखं बसावं. तिचं कॉलेज वेगळं असेल, गाव सौसरकडचं असेल, सण वेगळे असतील. जुन्या मुलीशी जे ठरलं होतं ते नवीला आपोआप लागू होत नाही.